बालमजुरी आणि शाळा: कायदा काय सांगतो आणि इस्लापूरसारख्या भागात तो कुठे अडतो?

इस्लापूर हे नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुक्यातले गाव. मुदखेड–आदिलाबाद रेल्वेमार्गावर त्याचे स्थानक आहे आणि पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा जवळच आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात या गावाचे नाव छापलेले आहे. आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यातले ‘इस्लापूर सर्कल’ त्या कायद्याने किनवट आणि राजुरा या तालुक्यांबरोबर मराठी मुलखाला जोडले गेले. त्यामुळे या पट्ट्यात मराठीच्या जोडीला गोंडी, बंजारा आणि तेलुगू ऐकू येते. गोंड, आंध, कोलाम, परधान यांची गावे आणि बंजारा समाजाचे तांडे एकमेकांना लागून आहेत.

बालमजुरी म्हटले की फटाक्यांचा कारखाना, गालिच्याचा माग किंवा हॉटेलात कपबशा धुणारा पोऱ्या आठवतो. या भागातली बालमजुरी बहुतेक वेळा तशी दिसत नाही. ती शेतात, रानात, घरात आणि गावापासून शेकडो किलोमीटर दूर उसाच्या फडात असते. कायदा आणि योजना यांचे यशापयश इथे तपासायचे ते त्यामुळेच.

बालमजूर कोणाला म्हणायचे?

आजच्या कायद्यानुसार १४ वर्षे पूर्ण न झालेला मुलगा किंवा मुलगी म्हणजे ‘बालक’, आणि १४ ते १८ वयाची व्यक्ती ‘किशोरवयीन’. बालकाला कोणत्याही कामावर ठेवता येत नाही. किशोरवयीनाला काम देता येते, पण खाण, ज्वालाग्राही व स्फोटक पदार्थ आणि कारखान्यांतील धोकादायक प्रक्रिया यांत नाही. राज्यघटनेच्या कलम २४ मध्ये कारखाना, खाण आणि धोक्याच्या कामांपुरती बंदी पहिल्यापासून होती. सर्व कामांवरची बंदी मात्र २०१६ साली आली.

सरकारी कागदांत याच्या जोडीला आणखी एक शब्द येतो: ‘शाळाबाह्य’. ६ ते १४ वयाचे जे मूल शाळेत दाखलच झालेले नाही, किंवा दाखल होऊनही सलग महिनाभराहून अधिक काळ गैरहजर आहे, ते शाळाबाह्य. प्रत्येक शाळाबाह्य मूल मजूर नसते. पण शाळेच्या वेळेत शाळेत नसलेले मूल कुठे आहे, हे विचारले की उत्तर बहुधा कामाशीच येऊन थांबते.

कोणते काम, कोणत्या महिन्यात?

या भागातल्या मुलांचे काम वर्षभर सारखे नसते. शाळेच्या वेळापत्रकाशेजारी त्याचे एक स्वतंत्र वेळापत्रक चालते. पावसाळ्यात निंदणी आणि गुरे राखणे. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी. तिला मजूर मिळत नाहीत आणि मजुरी किलोवर असते, त्यामुळे घरातला प्रत्येक हात मोजला जातो. उन्हाळा लागताना मोहफुले, मग तेंदूपत्ता. मोहफुले पहाटे वेचावी लागतात. ती वेचून आलेले मूल दहाच्या शाळेत बसले तरी पेंगते. त्याच दिवसांत वार्षिक परीक्षा असते.

मुलींचे काम तर मोजलेच जात नाही. आई रोजाने गेली की धाकट्याला सांभाळणे, पाणी भरणे, भाकरी थापणे हे दहा-अकरा वर्षांच्या मुलीकडे येते. याला कोणी मजुरी म्हणत नाही, कारण तिला पैसे मिळत नाहीत. पण ती हे करते म्हणूनच आईला रोज मिळतो.

सर्वात मोठा खंड पडतो तो ऊसतोडणीने. मराठवाड्यातून, विशेषतः बीड, नांदेड, लातूर, परभणी, जालना या जिल्ह्यांतून, हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. व्यवहार मुकादमामार्फत होतो. पावसाळ्यात घरात पैसा नसताना तो ‘उचल’ देतो आणि हंगामभराच्या तोडणीतून ती फेडायची असते. हिशेबाचे एकक आहे ‘कोयता’. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता. करारात मुलाचे नाव कुठेच नसते. पण फडात तो मोळ्या बांधतो, वाढे गोळा करतो आणि कोपीत तान्ह्या भावंडाला झोका देतो. पैसे टनावर मिळतात, त्यामुळे त्याच्या हाताने झालेले काम आईबापाच्या हिशेबात मिसळून जाते. मालक कोण, हे सांगताच येत नाही. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम आईबापाकडे.

मुलाचे श्रम आगाऊ रकमेपोटी गहाण टाकणारा करार रद्दबातल ठरवणारा कायदा इंग्रजांनी १९३३ सालीच केला होता. उचलीच्या पद्धतीत मूल गहाण पडत नाही, कुटुंब पडते, आणि मूल त्याच्यासोबत जाते.

कायदा कसा बदलत गेला?

सुरुवात गिरण्यांपासून झाली. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात बंदी केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. १८९१ मध्ये किमान वय नऊ झाले, १९२२ मध्ये बारा, तर स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कायद्यात चौदा. मधल्या काळात, १९३८ मध्ये, बालकांच्या नोकरीसंबंधी वेगळा कायदा आला. या सगळ्यांत शेतीतले मूल कुठेच नव्हते.

१९७९ मध्ये नेमलेल्या गुरुपादस्वामी समितीने गरिबी असेपर्यंत बालमजुरी पूर्ण बंद करणे कठीण आहे, म्हणून धोक्याच्या कामात बंदी आणि इतरत्र नियमन असा मार्ग सुचवला. १९८६ चा बालकामगार (प्रतिबंध व नियमन) कायदा त्याच विचारावर उभा राहिला. बंदी असलेल्या कामांची यादी वाढत वाढत १८ व्यवसाय आणि ६५ प्रक्रियांपर्यंत गेली. ऑक्टोबर २००६ पासून घरकाम, धाबे, हॉटेले आणि चहाच्या टपऱ्याही त्यात आल्या. साधी शेतमजुरी मात्र यादीबाहेरच राहिली. गुरे राखायला ठेवलेला दहा वर्षांचा पोरगा या कायद्याच्या नजरेत तीस वर्षे बेकायदा नव्हता.

१० डिसेंबर १९९६ रोजी एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाचा निकाल दिला. धोक्याच्या कामावर मूल ठेवणाऱ्या मालकाने प्रत्येक मुलामागे २०,००० रुपये भरायचे. सरकारने कुटुंबातील एका प्रौढाला काम द्यायचे, ते जमत नसेल तर ५,००० रुपये त्यात घालायचे आणि व्याज मुलाच्या शिक्षणाला वापरायचे. मुलाला कामावरून काढायचे तर घरात प्रौढाची मिळकत आली पाहिजे, ही गोष्ट त्यात स्पष्ट मान्य झाली होती. महाराष्ट्राला ही कल्पना नवी नव्हती. रोजगार हमी योजना राज्यात १९७२ च्या दुष्काळापासून चालू होती. हमीचे काम गावाजवळ आणि वेळेवर मिळाले, तर उचल घेऊन गाव सोडण्याची गरज कमी होते. बालमजुरीच्या चर्चेत या योजनेचे नाव क्वचितच येते. ते यायला हवे.

२०१६ ची दुरुस्ती १ सप्टेंबर २०१६ पासून लागू झाली. आता १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणे हा दखलपात्र गुन्हा आहे. मालकाला सहा महिने ते दोन वर्षे कैद किंवा २०,००० ते ५०,००० रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. गुन्हा पुन्हा केल्यास एक ते तीन वर्षे कैद. पालकांना पहिल्या वेळी शिक्षा नाही, पुन्हा तसेच केल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड. वसूल झालेला दंड मुलाच्या नावे पुनर्वसन निधीत जातो आणि सरकार त्यात १५,००० रुपये घालते. पुढच्या वर्षी, जून २०१७ मध्ये, भारताने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे किमान वय आणि सर्वात वाईट स्वरूपाची बालमजुरी यांविषयीचे दोन्ही करार मान्य केले.

‘घरच्या कामा’ची सूट

याच दुरुस्तीत दोन अपवाद ठेवले गेले. एक कलाकार मुलांचा. दुसरा, आणि ग्रामीण भागात खरा महत्त्वाचा, कुटुंबाला मदत करण्याचा. शाळा सुटल्यावर किंवा सुटीत, धोका नसलेल्या कामात मूल आपल्या घरच्यांना हातभार लावू शकते. कुटुंब या शब्दात आई, वडील, बहीण-भाऊ आणि चुलते, आत्या, मामा, मावशी एवढे सगळे येतात.

ही सूट देण्यामागे कारण होते. शेतकऱ्याचा मुलगा सुटीच्या दिवशी बापासोबत वखरावर गेला म्हणून पोलीस येणे कोणालाच नको होते. पण चुलत्याच्या शेतात कापूस वेचणारे मूल मदत करते आहे की मजुरी, हे बांधावरून पाहणाऱ्याला कळत नाही. विरोध करणाऱ्यांचा आक्षेप नेमका हाच होता: कारखान्यातले काम घरात आणले की ते कायदेशीर होईल.

२०१७ च्या नियमांनी या सुटीला मर्यादा घातल्या. संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळात मुलाकडून काम करून घेता येत नाही, विश्रांतीचा वेळ सोडून दिवसाला तीन तासांहून अधिक काम देता येत नाही आणि अभ्यासाच्या आड येणारे कामही चालत नाही. पहाटेची मोहफुले या नियमात बसत नाहीत, हे उघड आहे. त्यासाठी कोणावर कारवाई व्हावी असे कोणी म्हणणार नाही, पण नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जंगलातले काम नव्हते एवढे त्यावरून कळते.

याच नियमांत एक कमी माहीत असलेली तरतूद आहे. शाळेत जाणारे मूल न कळवता सलग ३० दिवस गैरहजर राहिले, तर मुख्याध्यापकाने ते जिल्ह्यातील नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याला कळवायचे. म्हणजे बालमजुरी शोधण्याचे पहिले साधन शाळेचे हजेरीपुस्तक आहे. धाड घालणारा कामगार निरीक्षक जिल्ह्याच्या ठिकाणी असतो, तर हजेरीपुस्तक प्रत्येक तांड्यावर.

सक्तीच्या शिक्षणाची जुनी मागणी

मुलाला कामावरून काढायचे तर दिवसभर त्याला कुठे ठेवायचे? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात फार आधी दिले गेले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देऊन बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. सयाजीराव गायकवाडांनी बडोदा संस्थानात १८९३ मध्ये अमरेली भागापासून सुरुवात करून १९०६ मध्ये ते सर्वत्र नेले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय विधिमंडळात विधेयक मांडले, ते पुढच्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता.

मराठवाडा मात्र १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथे शाळा थोड्या आणि शिक्षणाचे माध्यम उर्दू. स्वातंत्र्यानंतर या भागाने शिक्षणात सुरुवातच उशिरा केली आणि किनवटसारख्या जंगलपट्ट्याने आणखी उशिरा.

शिक्षणाचा हक्क घटनेत २००२ मध्ये ८६ व्या दुरुस्तीने आला. त्याचा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. खासगी शाळांतील २५ टक्के राखीव जागांमुळे तो शहरांत गाजतो. इस्लापूरच्या मुलाला त्यातली दुसरी कलमे जास्त कामाची आहेत. वयानुरूप वर्गात प्रवेश आणि मागे पडलेल्यासाठी विशेष प्रशिक्षण. दाखला आला नाही म्हणून किंवा वर्ष अर्धे संपले म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. जन्माचा पुरावा नसला तरी प्रवेश द्यावा लागतो. आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणे ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. महाराष्ट्राच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असे आहे.

मुलाला शाळेत टिकवणाऱ्या योजना

सर्वात परिणामकारक योजना कोणती असे विचारले तर खिचडीचे नाव घ्यावे लागेल. शालेय पोषण आहार १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाला तेव्हा मुलांना महिन्याला तांदूळ घरी दिला जाई. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शाळेतच शिजवलेले अन्न मिळू लागले. फरक मोठा होता. घरी नेलेला तांदूळ सगळ्या घराचा होतो, ताटातली खिचडी हजर असलेल्या मुलालाच मिळते.

दुसऱ्या टोकाला मुलींचा उपस्थिती भत्ता. दारिद्र्यरेषेखालील अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्त कुटुंबांतील पहिली ते चौथीच्या मुलींना हजर दिवसाचा एक रुपया. योजना सुरू झाली तेव्हा त्या रुपयाला काही किंमत होती. कापूस वेचणीच्या रोजापुढे आज तो हिशेबात धरण्यासारखा नाही.

किनवट तालुक्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो आणि किनवटला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. शासकीय आणि अनुदानित आश्रमशाळा त्याच्या अखत्यारीत चालतात. सहस्रकुंड येथे एकलव्य आदर्श निवासी शाळा आहे. मुलींसाठी कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये आहेत, आणि पाचवीपुढे दुसऱ्या गावी शिकायला जाणाऱ्या मुलींना एसटीचा मोफत पास. निवासी शाळेचा मुख्य फायदा शिकवण्यातला नाही. आईबाप कुठेही गेले तरी मूल जागेवर राहते, हा आहे.

बालकामगारांसाठीचा खास राष्ट्रीय प्रकल्प १९८८ मध्ये सुरू झाला होता. कामावरून सोडवलेल्या मुलांना विशेष केंद्रात शिकवून, जेवण आणि विद्यावेतन देऊन नेहमीच्या शाळेत पोचवणे हे त्याचे काम. एप्रिल २०२१ पासून तो समग्र शिक्षा अभियानात विलीन झाला. शाळाबाह्य मुलांसाठी एकच यंत्रणा असावी ही कल्पना ठीकच. पण केवळ बालकामगारावर नजर ठेवणारी वेगळी यंत्रणा त्याबरोबर संपली.

गाव सोडणाऱ्या मुलांचे काय?

इथे राज्याने तीन वेगवेगळे मार्ग चोखाळले. पहिला ‘साखर शाळां’चा: कारखान्याच्या परिसरात, कोप्यांजवळ वर्ग भरवायचे. मूल आईबापापाशी राहते, पण फडही जवळच असतो आणि टोळी एका जागेवरून दुसरीकडे हलली की वर्ग मोडतो. शिक्षणहक्क कायद्यानंतर मुलांना नेहमीच्या शाळेतच घ्यावे असे धोरण आल्यावर साखर शाळा मागे पडल्या.

दुसरा मार्ग ‘शिक्षण हमी पत्रका’चा. गाव सोडताना शाळेने मुलाला त्याची इयत्ता आणि प्रगती नोंदवलेले पत्रक द्यायचे आणि जिथे कुटुंब पोचेल तिथल्या शाळेने ते पाहून मुलाला बसवायचे. राज्यातल्या राज्यात हे चालू शकते. टोळी कर्नाटकात गेली तर शाळा कन्नड, विटभट्टीसाठी कुटुंब तेलंगणात गेले तर तेलुगू. पत्रक वाचणार कोण?

तिसरा मार्ग हंगामी वसतिगृहांचा. मूल गावातच आजी-आजोबांपाशी राहते, शाळा व्यवस्थापन समिती त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय करते आणि त्यासाठी सरकार पैसे देते. तिन्हींत हा सर्वात साधा आणि पालकांना पटणारा उपाय. त्याचे सगळे यश एका तारखेवर अवलंबून आहे. टोळ्या दिवाळीत निघतात. वसतिगृहाची मंजुरी त्याआधी आली तर मूल थांबते. महिन्याने आली तर ते गेलेले असते, आणि मग रिकाम्या गावात वसतिगृह उघडते. मुलगी वयात आलेली असेल तर आजीच्या भरवशावर ठेवायला आईबाप कचरतात. मग ती फडावर जाते किंवा तिचे लग्न उरकले जाते.

२०२१ मध्ये राज्य सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली. ४१ तालुक्यांत मुलांचे एक आणि मुलींचे एक अशी ८२ वसतिगृहे, प्रत्येकी शंभर जणांची. त्यासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे दहा रुपये आणि तेवढीच रक्कम सरकारकडून, असा निधी ठरला. साखर कारखान्याला या मुलांच्या शिक्षणाचा खर्च प्रथमच पद्धतशीर उचलावा लागतो, हे या योजनेतले नवे.

आकडे काय सांगतात?

जनगणनेनुसार ५ ते १४ वयाची काम करणारी मुले महाराष्ट्रात २००१ मध्ये ७.६४ लाख होती, २०११ मध्ये ७.२८ लाख. देशात ती १.२६ कोटींवरून १.०१ कोटींवर आली. घट खरी आहे. पण ती जपून वाचावी, कारण घरचे काम करणारी मुलगी अनेकदा ‘काम करत नाही’ अशीच नोंदली जाते. राज्याने ४ जुलै २०१५ रोजी एका दिवसात शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण केले होते. जुलैत ऊसतोडीचा हंगाम नसतो आणि ती कुटुंबे गावीच असतात. त्या दिवशी शाळेत बसलेले मूल डिसेंबरात कुठे असेल, हे त्यातून कळणे शक्य नव्हते. २०११ नंतरची जनगणना लांबल्याने आज ताजा आणि पूर्ण आकडा कोणाकडेच नाही.

चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर

शिक्षणाचा हक्क आठवीला संपतो आणि कामावरची पूर्ण बंदीही त्याच वयाला उठते. तांड्यावरची शाळा चौथी-पाचवीपर्यंत, पुढची शाळा मोठ्या गावी, आणि नववीपासून हक्क नाही. मुकादमाच्या दृष्टीने पंधरा वर्षांचा मुलगा हा पुरा हात आहे, आणि उसाचा फड धोकादायक कामांच्या यादीत नाही. शाळा सुटण्याचे सर्वात मोठे वळण त्यामुळे आठवी आणि दहावी यांच्या मधे येते, जिथे ना कायदा अडवतो ना खिचडी मिळते. शिक्षणाचा हक्क १८ वर्षांपर्यंत वाढवावा ही मागणी याच जागेवरून येते.

तक्रार कुठे करायची?

कामावर मूल दिसले तर १०९८ किंवा ११२ या क्रमांकांवर फोन करता येतो. केंद्र सरकारच्या ‘पेन्सिल’ पोर्टलवरही, जे २०१७ मध्ये सुरू झाले, तक्रार नोंदवता येते. सोडवलेल्या मुलाला जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे हजर करतात आणि पुढची सोय ती ठरवते. मूल कामावर नसून नुसते शाळेबाहेर असेल, तर गावच्या शाळेचा मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख किंवा ‘बालरक्षक’ म्हणून काम करणारा शिक्षक यांना सांगावे. ऊसतोडीला जाणाऱ्या पालकांनी निघण्याआधी शाळेतून शिक्षण हमी पत्रक मागून घ्यावे. त्यासाठी पैसे लागत नाहीत, आणि शाळेचा दाखला काढण्याचीही गरज नाही. परत आल्यावर मूल त्याच शाळेत, त्याच्या वयाच्या वर्गात बसू शकते.